आतल्या पाण्यावरचं तूस

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतली माणसं युरोपला जाऊन येतात आणि ग्रुपवर फोटोंचा रतीब घालतात. मी गेलेले लेकीच्या सासरी. आमच्या बाल्कनीतून कोलशेतच्या बाजूला जी खाडी दिसते ना, तिच्याच काठाने वर वर गेलं की लागणारं गाव. पण परत आल्यापासून जो भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलेय, लिफ्टमध्येसुद्धा. शेवटी आमचे हे म्हणाले, "विजया, एकदाचं लिहून काढ बाई, म्हणजे माझे कान सुटतील." म्हणून हे लिहिणं. गावाचं नाव मात्र लिहीत नाही, जावयाने बजावलंय. नाव छापून आलं की दुसऱ्या दिवशी गोडाऊनसाठी जागा विचारणारे एजंट दारात हजर होतात म्हणे.

आधी माझा स्वभाव सांगून टाकते. काळजी करणं हा माझा पूर्णवेळ धंदा आहे. गॅस बंद केलाय का हे बघायला मी माजिवड्याहून परत फिरलेली बाई आहे, आणि त्या ट्रॅफिकमधून परत फिरणं म्हणजे काय ते घोडबंदरवाल्यांनाच कळेल. त्यात मृदुला एकुलती एक. पाणी तपासायच्या लॅबमध्ये चांगली नोकरी होती तिची, ठाण्यातच. कॉलेजातल्या कल्पेशशी लग्न केलं, तोवर सगळं ठीक. मुलगा गुणी, घर आगरी, माणसं जीव लावणारी. पण दीड वर्षापूर्वी दोघांनी ठाण्यातलं घर सोडलं आणि त्याच्या गावी गेली. का, तर खाडीकाठची पडीक जमीन पुन्हा पिकवायची! "अगं, लोक गावातून ठाण्याला येतात, तू उलटी कुठे निघालीस?" मी विचारलेलं. तर म्हणे, "आई, तुझ्या बाल्कनीतून दिसते तीच खाडी आहे." दिसतो तर चंद्रही. म्हणून काय तिथे राहायला जायचं?

पिठोरी अमावस्येला या, असं विहीणबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. पिठोरी म्हणजे आयांचा सण, लेकरांच्या आयुष्यासाठी. नाही म्हणवेना. आदल्या दिवशी निघाले.

चतुर्दशी

कल्पेश हायवेला बाइक घेऊन आलेला. माझ्याकडे दोन पिशव्या, पर्स, छत्री आणि फर्स्ट एडचा डबा. डबा बघून त्याने हेल्मेट पुढे केलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोडाऊनच गोडाऊन, मागे लागलेले कंटेनर, धूळ. आणि मग एका वळणावर हे सगळं एकदम संपतं आणि हिरवं भात सुरू होतं. भाताच्या पलीकडे लांबलचक मातीचा बांध. बांधाच्या वर, खाडीपल्याड, डोंबिवलीच्या इमारती.

"खाडी कुठे दिसत नाही ती?" मी मागून विचारलं.

"आता ओहोटी आहे, आई. उद्या दुपारी बघा, तुमच्या छातीएवढी उंच दिसेल."

त्याने सहज सांगितलं. म्हणजे भरतीचं पाणी वर आणि शेत खाली? मधे नुसती माती? तो म्हणाला, हो, तशीच आहे खारजमीन. पणजोबांच्या आधीपासून.

घरी पोचले तर विहीणबाई, म्हणजे ताराबाई, ओटीवरच उभ्या. त्यांनी माझ्या डोळ्यांना पाणी लावलं, बोटं मोडली, चहा ठेवला. मी कप तोंडाला लावायच्या आत विचारलं, "तो बांध पक्का आहे ना हो?"

"आवो विहीनबाई, बसा तं खरी! आल्या आल्या बांध कनाला बघता? आमी हाव ना बघाला."

मृदुलाला मी ओळखलंच नाही आधी. काळी पडलीय, पायात गमबूट, ओढणी कमरेला. रडू यायला लागलं मला, पण ती हसत होती. आल्या आल्या मला उघाडी दाखवायला घेऊन गेली. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून काढलेली दगडी मोरी, आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून बिजागरीवर टांगलेलं जाडजूड लाकडी झडप. झडप फक्त बाहेरच्या बाजूला उघडतं. ओहोटीला शेतातलं पाणी आतून त्याला ढकलतं, उघडतं आणि बाहेर पडतं. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून दाबतं, झडप गच्च बसतं. जितकं पाणी जास्त तितकं जास्त गच्च. वीज नाही, मोटर नाही, कोणी उभं राहायला नको.

"आपल्या आतल्या झाकणाच्या कुकरसारखं," मृदुला म्हणाली. "वाफच झाकण लावते ना, तसं."

"आणि कुकर फुटतात ते?"

"आई!"

व्याही, बाळारामदादा, मागे येऊन उभे राहिलेले. उंच, सडपातळ, कानावर बिडी. ते म्हणाले, "घाबरू नको बाय. दर्या आपला दार आपनच लावतो." हे वाक्य मला आवडलं, पण त्याने धीर आला असं नाही. दार लावणाऱ्यालाच आत यायचं असेल तर?

संध्याकाळी शेताच्या कडेला एक गंमत बघितली. मृदुलाने खिशातून आपल्या फिल्टरवाल्याकडे असतं तसलं टीडीएसचं पेन काढलं आणि चरातल्या पाण्यात बुडवलं. शेतातलं पाणी मोरीपर्यंत नेणारा जो नाला, त्याला इथे चर म्हणतात. ताराबाईंनी त्याच पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकलं. दोघी एकमेकींकडे बघतायत. ताराबाई म्हणाल्या, "वाईच खारा हाय." पेन म्हणत होतं, ठीक आहे. मग कळलं की ताराबाईंनी येताना लोणच्याची फोड चघळलेली. आणि मृदुला म्हणाली की गेल्या महिन्यात पेनाची बॅटरी उतरलेली तेव्हा जिभेनेच शेत वाचवलं. म्हणून दोघी मिळूनच तपासतात, आणि दोघींचं जुळेपर्यंत हटत नाहीत. मी मात्र त्या पाण्याला बोट लावलं नाही. वर कुठल्या कुठल्या कंपन्या आहेत, काय काय सोडत असतील!

रात्री जेवताना मला खरी गोष्ट कळली, आणि ती मला मृदुलाने नाही, तिच्या थोरल्या दिराने सांगितली. नरेश. त्याचा टेम्पोचा धंदा आहे, बोलणं सरळ.

"मावशी, खोटं कशाला बोलू, मला ही शेती जमत नाही. बांध फुटल्यापासून जमीन दहा वर्षं खारी पडलेली. गावाने बांध पुन्हा बांधला, ह्या दोघांनी दोन पावसाळे मीठ धुऊन काढलं. मान्य. पण बाजूच्या सगळ्यांनी गोडाऊनला जागा दिल्या. मी मृदुलाला बोललोय, हे पीक घरात आलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. गेलं तर मात्र जागा गोडाऊनच्या भरावाला द्यायची."

"आणि मग तू?" मी मृदुलाकडे वळले.

तिने भाकरीचा तुकडा मोडला. "मग काय, परत येईन ठाण्याला. लॅबमध्ये विचारेन. कल्पेशही बघेल काहीतरी."

काय सांगू! माझ्या डोळ्यांसमोर तिची खोली आली. पलंगावर मी अजून तिचीच चादर घालते. आणि त्याच वेळी समोर बसलेल्या मुलीचे हात दिसले, नखांत चिखल गेलेले. झोपण्याआधी देवाला हात जोडले तेव्हा मी नक्की काय मागितलं ते देवालाच माहीत. मी काहीतरी पुटपुटले आणि पांघरूण ओढलं.

एक मात्र वाटलं, निदान पाऊस उघडलाय. आठवडाभर थेंब नाही. पूर नाही म्हणजे भीती नाही. हे मी मोठ्याने बोलले, तर अंधारातून मृदुलाचा आवाज आला, "उलट आहे गं. पाऊस असला की वरून गोडं पाणी येतं, खाडी पातळ होते. आता खाडी कडक खारी आहे. आणि भात पोटरीत आलंय, कणीस पोटात आहे. नेमकं आत्ताच त्याला मीठ सोसत नाही." झालं. उरलेली झोपही गेली.

अमावस्या

सकाळी घरात पिठोरीची गडबड. ताराबाईंनी रानातून तेरडा, कसली कसली पानं, वेली आणवलेल्या, पूजेला. आमच्याकडे साताऱ्याला पिठोरी म्हणजे पिठाच्या मूर्ती आणि पुरणाचं. इथे रानच घरात येतं. मी सहज म्हणाले, "हळदीच्या पानाचा वास किती छान येतो ना, आमच्याकडे पातोळ्या फार होत नाहीत." एवढंच म्हणाले हो! तर ताराबाईंनी ओटीवरून हाक मारली, "आवो, हिकरं या आधी! विहीनबाईंना पातोल्या करायच्या हाईत, हलदीची पानं आना वरच्या आलीतून." बाळारामदादा हाकेसरशी बांधाकडून आले, पाय चिखलाने भरलेले. तसेच उलट फिरले.

पातोळ्या खाल्ल्या. तांदळाच्या पिठात गूळ-खोबरं, हळदीच्या पानात वाफवलेल्या. मी चार खाल्ल्या, भीतीने मला भूक लागते.

अमावस्या-पौर्णिमेला मुंबईला दुपारच्या सुमारास भरती असते, आणि ते पाणी खाडीतून इथवर चढायला आणखी तासभर घेतं. हा हिशोब इथे पोरासोरांना पाठ आहे. तिथी सांगा, भरतीची वेळ सांगतात. मी ज्या खाडीकडे बघत रोज सकाळचा चहा पिते तिला वेळापत्रक आहे, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं.

गावातली वीसेक माणसं बांधावर जमली. बायकांच्या डोक्यावर सुपं आणि टोपल्या, त्यांत भाताचं तूस, गिरणीतून आणलेलं. मला वाटलं पूजेचं काहीतरी असेल. तर नाही. बांधाला खरा धोका लाटेचा नसतो, खेकड्याचा असतो. खेकडा बिळं करतो, बीळ आरपार गेलं की भरतीचं पाणी त्यातून आत शिरतं, माती ओढत नेतं आणि बघता बघता बिळाचं भगदाड होतं. त्याला खांड पडणं म्हणतात. पाण्याखालचं बीळ डोळ्याला दिसत नाही. म्हणून खाडीच्या बाजूने पाण्यावर तूस टाकायचं. पाणी स्वस्थ असेल तर तूस नुसतं तरंगतं. कुठे ओढ असेल तर तिथे तूस गोल फिरतं आणि आत जातं. तिथे पेंढा आणि चिखल कोंबायचा.

"लॅबमध्ये आम्ही गळती शोधायला रंग टाकायचो," मृदुला म्हणाली. "हे स्वस्त आहे, आणि वर हे बीळ बुजवतं पण. आणि एक लक्षात ठेव, बाहेर तूस दिसलं तर काही नाही. आतल्या पाण्यावर दिसलं तर समज खाडी आत आली."

मला बांधावर चढवेना. वरती वाट जेमतेम एका माणसाची, चिखल निसरडा, एका अंगाला खाडी फुगत चाललेली. मी आतल्या बाजूला, खालीच, उघाडीपासच्या दगडावर बसून राहिले. समोर चराचं पाणी, हातात पर्स. वर सगळ्यांनी आधी उघाडीपाशी तूस टाकलं. झडपाची खालची कड तोवर पाण्याखाली गेलेली. तूस तिथेच तरंगत राहिलं. "उघारी गच्च हाय," कोणीतरी ओरडलं, आणि माणसं तूस टाकत टाकत बांधाने दूर सरकत गेली. लांब एका वळणावर बीळ सापडलं वाटतं, कारण सगळे तिकडेच गोळा झाले, फावडी चालायला लागली. मी एकटीच.

खाडी दिसत नव्हती, पण कळत होती. बांधाच्या पलीकडून चुळूक चुळूक आवाज, कधी नव्हे ती होडी माझ्या डोक्याच्या पातळीवरून गेली. खरंच सांगते, होडीतला माणूस मला बांधाच्या वर कमरेपासून दिसला! पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

मी नजर खाली घेतली. चरातलं पाणी बघत बसले. आणि त्या पाण्यावरून, माझ्या पायांपासून हातभर अंतरावरून, तुसाचे दोन-चार कण हळूहळू गेले.

वाऱ्याने उडून आले असतील, मला वाटलं. मग आणखी आले. मग मोरीच्या तोंडातून तुसाचा एक पुंजकाच बाहेर आला, ओला, गोल फिरत, आणि शेताच्या दिशेने निघाला.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. मृदुला म्हणते मी "मृदू, आत आलं, आत आलं" एवढंच सारखं ओरडत होते, आणि आवाज असा होता की तिला वाटलं मला साप चावला. सगळे बांधावरून धावत आले. सगळ्यांत आधी बाळारामदादा, आणि मोरीतून येणारं तूस बघताच त्यांचं तोंड असं उतरलं की मला ते चमत्कारिकच वाटलं. पण तेव्हा विचारायला वेळ कुठे होता.

झडप कुठेतरी अडलेलं. भरतीच्या पाण्याविरुद्ध ते आता कोणाच्या बापाच्यानेही हलणार नव्हतं. मोरीचं तोंड बुजवावं म्हणून एकाने पेंढ्याचा भारा कोंबला, तो गोळ्यासारखा परत बाहेर आला. पाणी आता खळखळत येत होतं. भरती पुरती चढायला अजून अवकाश होता.

"बुजवू नका!" मृदुला ओरडली. "पाळ घाला! गोल पाळ!"

"हां, पाळ! पोती आना!" बाळारामदादांनी तोच हुकूम आपल्या आवाजात दिला, आणि कोणी कोणाला काही समजावत बसलं नाही. ही रीत गावाला ठाऊक होती. मला मात्र वेड लागल्यासारखं वाटत होतं. पाणी शिरतंय तिथेच बंद करायचं सोडून ही माणसं मोरीच्या आतल्या तोंडाभोवती, चराच्या दोन्ही कडांना धरून, पोत्यांचं आणि चिखलाचं अर्धं रिंगण घालत होती. म्हणजे पाणी आत येऊ द्यायचं! मी मृदुलाचा हात धरला, "अगं, हे काय करताय?"

"आई, आत डबकं साठू दे. डबक्यातलं पाणी खाडीच्या उंचीला आलं की दोन्हीकडून सारखा दाब. मग ते आपोआप यायचं थांबेल. आपण फक्त भिंत तेवढी उंच न्यायची. सोड हात, नाहीतर तूपण लाग."

मी लागले. पर्स कुठे फेकली कोण जाणे. फावड्याने कापलेले चिकणमातीचे गोळे हातोहात पुढे जात होते, आणि त्या रांगेत ताराबाई आणि नरेश यांच्या मधे मी. गोळा येतो, पोटाशी घ्यायचा, पुढे द्यायचा. साडी, कोपरं, केस, सगळं चिखल. नरेश, जो काल गोडाऊन गोडाऊन म्हणत होता, तो अक्षरशः धापा टाकत होता आणि मलाच म्हणत होता, "मावशी, फास्ट, फास्ट!" पाळ गुडघ्याला आली, पाणीही गुडघ्याला. पाळ मांडीला, पाणी मांडीला. एका जागी पोतं सरकलं, पाणी भाताकडे उसळलं आणि कल्पेश सरळ त्या भोकात पाठ लावून बसला. "टाका माझ्या अंगावर!" म्हणाला. टाकलं लोकांनी.

मी मनात रामरक्षा म्हणत होते, चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते. पाळ फुटली तर? कल्पेश आत अडकला तर? त्या कडेच्या खोलगट वाफ्यात मृदुला उभी होती, ती वाहून गेली तर?

पाळ कमरेला आली आणि पाण्याचा खळखळाट कमी झाला. मग चुळचुळ. मग काहीच नाही. तूस डबक्यावर पडून राहिलं, एका जागी. वीस माणसं नुसती बघत होती. भरती थोडी आणखी चढली, आम्ही आणखी दोन थर घातले, डबकंही तेवढंच चढलं आणि पुन्हा थांबलं.

"पान्याला पान्याचाच धाक," बाळारामदादा हळूच म्हणाले आणि तिथेच चिखलात बसले. माझा जीव भांड्यात पडला. कल्पेशला ओढून काढला तेव्हा त्याची पाठ बर्फासारखी गार झालेली. माझा फर्स्ट एडचा डबा तेवढा उपयोगी पडला, खरचटलेल्यांची रांगच लागली.

ओहोटी लागेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. झडप उघडं पडलं तेव्हा त्याच्या अगदी तळाच्या फटीत, जिथे तूस भिजून खाली बसल्यावरच पोचलं असणार, दिसली एक बांबूची कांडी, काथ्याने चौकटीला नीट बांधलेली. कोणी मुद्दाम बांधल्याशिवाय अशी बांधली जात नाही. आणि मग ताराबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"आवो, हा तं माझ्या सुकत घालायच्या काठीचा तुकरा!"

बाळारामदादा चराकडे बघत राहिले. "जिताऱ्यासाठी," म्हणाले.

मला मृदुलाने समजावलं. जिताडा हा खाडीचा मासा, ह्या लोकांचा जीव की प्राण. भरतीचं पहिलं पाणी चढताना त्याची पिल्लं, कधी एखादा मोठाही, आत येतात. तेवढ्यापुरती झडपाला फट ठेवायची, मग लगेच काढायची, अशी म्हाताऱ्यांची जुनी खोड. त्यात श्रावणभर घरात मासळी नाही. आज अमावस्येला श्रावण संपणार, आणि पुढे गणपतीपर्यंत हाताशी जेमतेम दोन-तीन दिवस.

"मना वाटला, एक जरी मोठा गावला चरान, तं उद्या श्रावन सुटला की..." बाळारामदादांनी कानावरची बिडी चाचपली. "फट ठेवली आन बसलो व्हतो बघत. मंग ही वरडली हलदीच्या पानांना. गेलो. इसरलो."

म्हणजे कारण माझ्या पातोळ्या! मी चार खाल्लेल्या. पण माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. ताराबाईंनी नवऱ्याला जे फैलावर घेतलं ते मला निम्मंच समजलं, आणि तेवढं पुरे होतं. शेवटी नरेशच मधे पडला. "आये, बास. भात उभं आहे ना? बास मग." मृदुलाने पेन बुडवलं, ताराबाईंनी बोट. पाळीच्या पलीकडे दोनच वाफे खारावलेले, बाकी शेत साफ. दोघींचं जुळलं.

संध्याकाळी पिठोरी झाली. दमलेली, धुतलेली माणसं ओळीने बसली. ताराबाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, वाणाचं ताट खांद्यावरून मागे धरलं आणि विचारलं, "अतीत कोन?" म्हणजे हे वाण घेणारा पाहुणा कोण; उत्तर पोटच्या लेकरांनी द्यायचं. नरेश म्हणाला, "मी." पुन्हा विचारलं, कल्पेश म्हणाला, "मी." मग त्या ताट तसंच धरून उभ्या राहिल्या. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "मिरदू, तू मुकी का गं?" मृदुला चपापली. मग पुढे झाली आणि म्हणाली, "मी."

मला हे चांगलं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आतून कोणीतरी पिळून काढल्यासारखं झालं, ते का लपवू?

प्रतिपदा

दुसऱ्या दिवशी जेवणात मासळी होती, पण जिताडा नाही. बाळारामदादांनी बाजारातून बोंबील आणलेले आणि ते मान खाली घालून मुकाट्याने खात होते. आजची भरती कालच्यापेक्षा जास्त. झडपावर सकाळपासून नरेश स्वतः खुर्ची टाकून बसलेला. ताराबाईंनी माझी साडी धुऊन वाळवली, तरी डाग राहिले, म्हणून मला एक नवी दिली. मी नको नको म्हणताना त्यांनी ती पिशवीत कोंबली आणि वर तांदूळ ओतला, म्हणजे काढता येऊ नये.

कल्पेशने टॅक्सी बोलावली, बाइकवर मी बसणार नाही हे त्याला आता माहीत होतं. मृदुला गाडीपर्यंत आली. डिकी लागली, मी दार उघडलं, तशी ती म्हणाली, "आई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"भात गेलं असतं तर मी परत आले असते. तुला ठाऊक होतं ना?"

"होतं की."

"आणि तूस दिसलं तेव्हा तू एकटी होतीस. कोणी बघत नव्हतं."

"नव्हतं."

"मग?"

मला काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. माझी मुलगी समोर उभी, पायात गमबूट, मागे तिचं ते हिरवं शेत.

"अगं, तुझं भात होतं ते," मी म्हणाले, आणि गाडीत बसले.

माजिवड्यापर्यंत मी रडत होते. ड्रायव्हर बिचारा आरशातून बघून दोनदा म्हणाला, "मॅडम, एसी जास्त होतोय का, कमी करू?" मी म्हटलं, राहू दे.